सतरंजीवरचे श्रोते

आमच्या गावच्या व्याख्यानमालेचे कार्यवाहपद काही वर्षे माझ्या गळ्यात होते. आणि वर्गणीच्या पावत्या फाडणे, सतरंज्या मोजून घेणे, ध्वनिक्षेपकाच्या परवान्यासाठी कचेरीत हेलपाटे घालणे या त्या पदाच्या खऱ्या कामांत विचारस्वातंत्र्य हा शब्द मला कोठे भेटल्याचे स्मरत नाही. एका वर्षी मात्र अमुक वक्त्याचे धर्मविषयक विचार गावाला मानवणार नाहीत, सबब व्याख्यान रद्द करावे, असा तोंडी निरोप आला. लेखी हुकूम मागितला, तर तो कोणी देईना.

त्या रात्री मला १८९५ सालचे पुणे आठवले. काँग्रेसच्या अधिवेशनाला जोडून तिच्याच मंडपात सामाजिक परिषद भरवण्याचा प्रघात होता. परंतु सुधारणेच्या विरोधकांनी मंडप जाळण्याच्या धमक्यांपर्यंत मजल नेली, तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांनी जागेचा आग्रह सोडला आणि परिषद फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात भरवली. कित्येकांना ही माघार वाटते. मला वाटत नाही, कारण परिषद झाली. त्याच्या वीस वर्षे आधी, १८७५ साली, दयानंद सरस्वतींच्या मिरवणुकीत रानडे नि जोतीराव फुले चालत असता विरोधकांनी गाढव सजवून दुसरी मिरवणूक काढली होती, आणि पुण्याची वसंत व्याख्यानमालाही त्याच सालची, रानड्यांच्याच प्रेरणेची. ज्या शहराने पुढे आगरकरांना त्यांची प्रेतयात्रा जिवंतपणी दाखवली, त्या शहरात नावडता वक्ता शेवटपर्यंत ऐकून घेणारा श्रोता एका उन्हाळ्यात कसा निपजावा? राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने बोलण्याचा हक्क दिला खरा. ऐकण्याची सवय लावण्याचे किचकट, बिनपगारी काम मात्र अद्याप असल्या मंडळांच्याच माथी आहे, आणि त्यांच्या इतिवृत्तांत ते कधी नोंदले जात नाही.

आम्हीही शाळेचे पटांगण सोडून एका सभासदाच्या वाड्यातील चौकात व्याख्यान ठेवले. गावातील एक वयोवृद्ध वैदिक, ज्यांच्या नावाने आम्हांला भीती घालण्यात आली होती, ते पहिल्याच सतरंजीवर येऊन बसले, दीड तास हलले नाहीत, आणि मग उठून त्यांनी वक्त्याला एकामागून एक असे काही प्रश्न विचारले की आभारप्रदर्शन राहूनच गेले. मत कोणाचेच बदलले नाही. पुढील वर्षीची वर्गणी मात्र त्यांनी पहिल्याच फेरीत दिली.