बर्फात फुलणारं झुडूप

मुलांनो, नकाशात बेल्जियम शोधा पाहू. फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मध्ये आहे. सापडला? तिथलं अँटवर्प शहर हिऱ्यांच्या व्यापारासाठी जगभर प्रसिद्ध आहे. पण आज आपल्याला हिरे बघायचे नाहीत. आपण अँटवर्पच्या उत्तरेला काल्मथाउट नावाच्या गावी जाणार आहोत, आणि तेही ऐन जानेवारीत! स्वेटर, कानटोपी, हातमोजे घातलेत ना? चला तर मग!

इथे १८५६ साली सुरू झालेली एक जुनी बाग आहे. या दिवसांत बहुतेक झाडांवर औषधालाही पान नसतं. कधी कधी बर्फ पडतो. आणि अशा थंडीत काही झुडपं मात्र पिवळ्या, नारिंगी, लाल फुलांनी भरून गेलेली दिसतात! यांचं नाव विच हेझल. 'विच' म्हणजे चेटकीण, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण या नावातला 'विच' वेगळा बरं का! 'लवचीक' या अर्थाच्या एका जुन्या इंग्रजी शब्दावरून तो आला आहे.

फूल जवळून बघा. चारच पाकळ्या, त्याही रिबिनीच्या तुकड्यांसारख्या अरुंद. जत्रेतली कागदी पिपाणी आठवते? फुंकलं की सरळ होते, फुंकर थांबली की पुन्हा गुंडाळी! या पाकळ्याही कडाका वाढला की गुंडाळून बसतात आणि ऊब मिळाली की उलगडतात. म्हणूनच फुलं थंडीत टिकून राहतात. फळाची गंमत तर आणखीनच वेगळी. पिकलेलं बोंड तडकतं आणि काळं बी कित्येक फूट दूर उडतं, अगदी आपल्या तेरड्यासारखं!

आता या बागेची गोष्ट ऐका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अँटोइन कॉर्ट नावाचे गृहस्थ इथे रोपवाटिका चालवत. त्यांनी विच हेझलची बरीच रोपं वाढवली. पुढे वाईट काळ आला आणि बागेकडे लक्ष द्यायला कुणी उरलं नाही. जिकडेतिकडे रान माजलं. शेवटी जमिनीचे प्लॉट पाडून ती विकायची वेळ आली. प्लॉट पडले की झाडांचं काय होतं, ते तुम्हाला सांगायला नकोच.

पण १९५२ साली जॉर्ज आणि रॉबर्ट डी बेल्डर या दोन भावांनी ती जागा विकत घेतली. दोघंही हिऱ्यांचे व्यापारी! पुढे रॉबर्ट यांचं लग्न येलेना यांच्याशी झालं. येलेना त्या वेळच्या युगोस्लाव्हियातून आलेल्या, शेतीशास्त्र शिकलेल्या. या मंडळींनी सगळं साफ करून नवी लागवड करण्याची घाई केली नाही. जुन्या रानात काय काय जगलंय, ते आधी नीट पाहिलं. कॉर्ट यांच्या वेळच्या विच हेझलमध्ये तांब्यासारख्या नारिंगी फुलांचं एक झुडूप होतं. त्याला नाव मिळालं 'येलेना'! नंतर याच बागेत लाल फुलांची एक जात तयार झाली. तिला त्यांच्या मुलीचं, डियानचं नाव दिलं.

आता नीट लक्ष द्या. हापूसची कोय लावली तर पुन्हा तसाच हापूस येईल याची खात्री नसते. म्हणून आपण कलम करतो. 'येलेना'चंही तसंच आहे. आज देशोदेशीच्या थंड प्रदेशांतल्या बागांत तिची झुडपं आहेत, ती सगळी त्या एकाच झुडपापासून कलमं करत करत पसरलेली. १९५२ साली तिथे कुऱ्हाड चालली असती, तर आज जगात एकही 'येलेना' नसती!

आता हिवाळ्यात या बागेत विच हेझलचा उत्सव भरतो. लोक मुलाबाळांना घेऊन कुडकुडत फुलं बघायला येतात.

विच हेझलला कडक थंडी लागते, त्यामुळे ते आपल्या अंगणात काही फुलायचं नाही. पण एक काम तुम्ही करू शकता. घराजवळचं किंवा शाळेच्या आवारातलं एखादं दुर्लक्षित झाड निवडा. पान कधी गळतं, कळी कधी येते, पाखरं कोणती येतात, हे बारा महिने वहीत लिहा. आणि कुणी 'हे वाळलंय, तोडून टाका' म्हणालं, तर आधी ती वही त्यांना दाखवा.