तीनदा दाबावयाची कळ

मोबाईल संचांची बांधणी, आणि विशेषतः त्यांच्या कळांमागे दडलेली आज्ञावली, हा गेली दोन तपे माझा व्यवसाय असल्याने, ह्या वस्तूचे रूप केवळ अभियंत्याच्या प्रतिभेतून व गिऱ्हाइकाच्या आवडीतून सिद्ध होते असे कोणी म्हणाले की मला थोडे हसू येते. कारण आमच्या मेजावर पहिला येतो तो कागद पुष्कळदा राजपत्राचा असतो.

२०१६ साली केंद्र सरकारने, स्त्रियांच्या सुरक्षिततेचा प्रश्न पुढे ठेवून, असा नियम केला की १ जानेवारी २०१७ पासून संकटकाळी मदत मागण्याची सोय नसलेला एकही मोबाईल ह्या देशात विकता येणार नाही. साध्या फोनवर ५ किंवा ९ ची कळ दाबून धरावयाची. स्मार्टफोनवर चालू-बंद करण्याची कळ झटपट तीनदा दाबावयाची. ५ च्या कळीवर एक बारीक उंचवटा असतो, आणि अंधारात, पिशवीच्या तळाशी, न पाहताही अंगठ्याला तो सापडतो; हे हुकुमाचा मसुदा करणाऱ्याच्या मनात होते की नाही हे ठाऊक नसले, तरी तो अंक मला सुज्ञपणाचा वाटला. तीन ह्या संख्येने मात्र आमची झोप उडवली. तीच कळ दोनदा दाबली की कॅमेरा उघडण्याची सवय लोकांच्या बोटांना लागलेली होती. तेव्हा दुसऱ्या दाबानंतर यंत्राने क्षणभर थबकून तिसऱ्याची वाट पाहावी तर कॅमेऱ्याला विलंब होतो, आणि थबकू नये तर संकटातल्या बाईपुढे कॅमेरा उघडतो. ह्या अर्ध्या क्षणावर आम्ही काही आठवडे वाद घातला. ज्या आयफोनची बाजूची कळ इतर देशांत ह्याच कामासाठी पाच वेळा दाबावी लागते, तीच भारतात तीनदा दाबली की पुरते, ह्याचे मूळ त्या राजपत्रात आहे.

त्याच वर्षी भारतीय मानक संस्थेच्या प्रमाणाद्वारे असेही ठरले की संचावर बावीसही भाषांतील मजकूर वाचता यावा, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एका भारतीय भाषेत लिहिता यावे. मराठी माणसाने ह्या तरतुदीचे ऋण मानावयास हवे, असे म्हणताना मला ते जुने संच आठवतात, ज्यांवर ‘दऱ्या’ लिहू गेल्यास ‘दर्या’ उमटे आणि दऱ्यांचा समुद्र होई.

आता संकटकळीच्या त्या नियमाचा दुसरा भाग. १ जानेवारी २०१८ पासून प्रत्येक संचात उपग्रहाद्वारे स्थाननिश्चिती करणारी जीपीएस यंत्रणा असावी, असे त्यात होते. त्याआधी जेमतेम चार महिने, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिलेला होता. वरकरणी ह्यात विरोध दिसतो, पण तो यंत्रात नाही. जीपीएसचा ग्राहक केवळ श्रोता असतो. उपग्रहांचे संकेत ऐकून तो आपला ठाव आपणच काढतो, आणि कोण ऐकत आहे ह्याचा उपग्रहांना पत्ताही नसतो. तो ठाव दुसऱ्यास सांगणे हे आज्ञावलीचे काम. नियमाने फोनला आपले स्थान जाणण्यास भाग पाडले; ते कोणास सांगावे ह्याचा बंदोबस्त व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या दुसऱ्या कायद्यावर राहिला, आणि तो कायदा २०२३ साली आला. त्यात संमतीचा मजकूर मराठीतही मागण्याची मुभा आहे, ही उत्तम गोष्ट. परंतु केंद्र सरकार ज्या शासकीय संस्था अधिसूचित करील त्यांना, सार्वभौमत्व, सुव्यवस्था आदी कारणांसाठी, तो कायदाच लागू होऊ नये अशी वाटही त्याच दस्तऐवजात ठेवलेली आहे.

म्हणूनच २०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस, ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये नव्वद दिवसांच्या मुदतीत आधीच बसवावे आणि त्याची कामे निकामी वा मर्यादित होऊ नयेत, असे फर्मान दूरसंचार विभागाकडून निघाले, तेव्हा मी दचकलो. ॲप वाईट म्हणून नव्हे. चोरीस गेलेला फोन बंद पाडण्यासाठी त्याचा चांगला उपयोग होतो आणि ते घ्यावे असे मी स्वतः लोकांना सुचवतो. दचकलो तो ‘निकामी होऊ नयेत’ ह्या शब्दांनी. तीनदा दाबावयाची कळ मालकाने दाबल्यावाचून बोलत नाही. जे मालकाला बंद करता येत नाही, ते त्याच्या फोनमध्ये असूनही त्याचे नसते. आरडाओरडा झाला, ॲप काढून टाकता येईल असा खुलासा मंत्र्यांनी केला, आणि डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात सक्ती मागे घेतली गेली. माझ्या मते ती मागे गेली हे योग्य झाले, आणि तीन दाबांचा हुकूम राहिला हेही योग्यच आहे.

वाचकांस एकच विनंती. घरातील वडीलधाऱ्यांच्या फोनवर ती सोय चालू आहे की नाही, आणि तिच्या हाकेबरोबर त्यांचे स्थान कोणाकोणाला कळवले जाते, हे सेटिंगमध्ये जाऊन आजच पाहून घ्यावे. मात्र कळ खरोखरच दाबून पाहू नये, कारण ११२ ह्या मदत-क्रमांकावर पलीकडे माणूस बसलेला असतो.