आवाज बाजूला ठेवल्यावर

नट पारखायचा तो कानाने, अशी मराठी शिकवणाऱ्यांची एक जुनी समजूत असते. आम्ही दोघी तिला अपवाद नाही. महाविद्यालयाच्या एकांकिकेसाठी दरवर्षी मुले निवडताना आम्ही एक उतारा हाती देतो आणि वाचायला लावतो. शब्द सुटे येतात का, श्वास भलत्या जागी तुटतो का, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचतो का, ही आमची कसोटी. ज्या रंगभूमीवर नटाची थोरवी दीर्घकाळ गळ्यावरून ठरली, तिच्या वारसांनी दुसरे काय करावे?

काही वर्षांपूर्वी या कसोटीवर आम्ही एक मुलगी बाजूला काढली. आवाज जड, काहीसा पुरुषी. नायिकेला शोभणारा नाही, यावर आमचे तत्काळ एकमत झाले. तिला प्रॉम्प्टिंगला बसवले. तिने ते काम चोख केले, तक्रार केली नाही, आणि आम्हीही ती गोष्ट विसरलो. ती आठवली एका डॅनिश नटीमुळे.

आस्टा नील्सेनचा जन्म ११ सप्टेंबर १८८१ रोजी कोपनहेगनच्या वेस्टरब्रो या कामकरी वस्तीत झाला. ती १४ वर्षांची असताना वडील गेले. आई लोकांचे कपडे धुऊन घर चालवी. अशा घरातली ही मुलगी डेन्मार्कच्या राजेशाही रंगमंदिराच्या नाट्यशाळेत पोचली. १९०१ मध्ये तिला मुलगी झाली. लग्न झालेले नव्हते, आणि मुलीच्या पित्याचे नाव तिने कधी सांगितले नाही. नवजात मुलीला घेऊन तिने शिक्षण पुरे केले आणि व्यवसायाला लागली. दागमार रंगमंदिर, नॉर्वे-स्वीडनमधील दौरे, मग १९०७ पासून कोपनहेगनचे ‘नवे रंगमंदिर’. काम मिळत होते, पण नाव होत नव्हते. खोल आवाज, सडपातळ अंग आणि मोठाले काळे डोळे असलेली ही बाई नायिकेच्या ठरलेल्या साच्यात बसत नव्हती.

यापुढचा भाग आम्हांस फार विलक्षण वाटतो. त्याच रंगमंदिरात नेपथ्याचे काम करणारा उर्बान गाड आणि आस्टा यांनी १९१० साली एक चित्रपट केला, तो चित्रपटाच्या ओढीने नव्हे. नाटकमंडळींच्या चालकांनी तो पाहावा, तिच्यात काय आहे ते त्यांच्या ध्यानी यावे आणि तिला बरी भूमिका मिळावी, एवढाच हेतू होता. हा चित्रपट म्हणजे ‘अफग्रुंडेन’, अर्थात ‘खोल दरी’. जिथे आवाज कामाचा नव्हता अशा माध्यमातून रंगभूमीकडे केलेला तो अर्ज होता. १२ सप्टेंबर १९१० रोजी, तिच्या एकोणतिसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, तो कोस्मोरामा चित्रगृहात लागला आणि तिचे उभे आयुष्य पालटून गेला.

आम्ही तो पाहिला तो एका सुट्टीत, संगणकाच्या लहान पडद्यावर. चाळीस मिनिटांचाही नाही. पियानो शिकवणारी माग्दा, पाद्र्याच्या घरचा तिचा वाग्दत्त वर, आणि तिला पळवून नेणारा सर्कशीतला रुडोल्फ, असे कथानक. आज कुणी ऐकून जांभई द्यावी असे. त्यातला तो प्रसिद्ध नाच, ज्यात ती रुडोल्फला दोराने बांधून त्याच्याभोवती फिरते, त्या काळी भलताच धीट ठरला. पण आमची नजर अडली ती शेवटी. हातून खून झाल्यावर माग्दाला पोलीस घेऊन जातात. मूकपटातले नट अशा वेळी कपाळावर हात मारतात, छाती पिटतात, डोळे फिरवतात, अशी आमची कल्पना. आस्टा यातले काही करत नाही. तिचे अंग थिजलेले आहे, चेहरा मिटलेला आहे, आणि पावले मात्र कुणी दुसऱ्याच्या हुकमाने पडावीत तशी पडत आहेत. रुडोल्फ झालेला पॉल रॉइमर्ट पुढे डॅनिश रंगभूमीचा मोठा नट म्हणून मान्यता पावला. पण या पडद्यावर आमचे लक्ष तिच्यावरून हटले नाही.

पुढील वर्षी ती आणि गाड जर्मनीला गेले. १९१२ मध्ये त्यांनी विवाह केला. तिने सत्तरांहून अधिक चित्रपटांत काम केले, आणि त्यांतले मोजके सोडता सारे जर्मनीत झाले. महायुद्धापूर्वीच तिचे नाव युरोपभर पोचले होते. आपल्याकडे १९१३ साली दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती करायला बाई मिळेना आणि ती भूमिका अण्णा साळुंके यांनी केली, हे सर्वांस ठाऊक आहे. काळ तोच आहे, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही.

१९२० साली तिने बर्लिनमध्ये स्वतःची चित्रसंस्था काढली आणि त्या संस्थेचा ‘हॅम्लेट’ १९२१ मध्ये आला. आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३) शिकलेल्या आणि शिकवलेल्या आम्हांस हॅम्लेट म्हणजे स्वगते. गणपतराव जोश्यांची ख्यातीही त्याच वाटेने आमच्यापर्यंत आलेली. तेव्हा शब्दाविना हॅम्लेट, तोही एका बाईचा, हे प्रकरण विनोदी असणार असे धरूनच आम्ही बसलो होतो. पण इथे बाईने पुरुषाची भूमिका केलेली नाही. हॅम्लेट मुळात मुलगीच आहे! राजा युद्धात पडल्याची वार्ता येते. गादी जाऊ नये म्हणून राणी नुकत्याच झालेल्या मुलीला मुलगा म्हणून जाहीर करते. राजा जिवंत परततो, पण बोललेले खोटे परत घेता येत नाही. हॅम्लेट स्त्री असावा, हा तर्क एडवर्ड व्हाइनिंग या अमेरिकन लेखकाने मांडला तो १८८१ साली, म्हणजे आस्टाच्याच जन्मवर्षी. होरेशोवर प्रेम करणारी आणि ते कधीही उच्चारू न शकणारी ही राजकन्या पाहताना आम्हांस प्रथमच वाटले की हॅम्लेटच्या चालढकलीला शब्दांखेरीजही एक कारण असू शकते. बोलणेच जिला बंद आहे, तिचे स्वगत चेहऱ्यावरच व्हायचे.

१९२५ मध्ये पाब्स्टच्या ‘आनंदहीन गल्ली’त महागाईने पिचलेल्या व्हिएन्नातली मारिया तिने केली, सोबत होती एकोणीस वर्षांची ग्रेटा गार्बो. त्यानंतर पडद्यावरची कामे विरळ होत गेली. १९३२ सालचा एकच बोलपट तिच्या नावावर आहे. ‘आवाज आला आणि मूकपटाची नटी संपली’ हे वाक्य आमच्या अगदी ओठावर आले होते. ते खरे नाही. तेव्हा ती पन्नाशीची होती, आणि त्याआधीची काही वर्षे ती जर्मन रंगभूमीवर उभी राहून, परक्या भाषेत, त्याच आवाजात बोलत होती. नाझींनी तिला चित्रपटात परतण्याची गळ घातली. तिने नकार दिला आणि ती मायदेशी परतली. मायदेशाने तिला फारसे काम दिले नाही. तिने आत्मचरित्र लिहिले, कापडाच्या तुकड्यांची चित्रे केली, आणि १९६८ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, स्वतःवरचा माहितीपट स्वतःच दिग्दर्शित केला. मे १९७२ मध्ये ती गेली.

आमची ती विद्यार्थिनी मोठी नटी झाली असती, असे आम्हांस म्हणायचे नाही. तसे म्हणणे सोपे आहे, आणि अपराध गोड करून घेण्याचा तो मार्ग आहे. ती कशी नटी होती हे आम्हांस ठाऊकच नाही, कारण ती उतारा वाचत असता आमच्या दोघींच्या माना कागदावर होत्या. ती उभी कशी होती, हात कुठे होते, वाचून झाल्यावर आमच्या तोंडाकडे तिने कसे पाहिले, यातले काहीही आम्हांस आठवत नाही. आवाज मात्र अजून आठवतो. आज वाटते, त्या आवाजात दोष असा काही नव्हता. तो आमच्या ओळखीचा नव्हता, एवढेच.

या वर्षीच्या निवडीत आम्ही एक लहानसा बदल केला. उतारा देण्याआधी प्रत्येकाला रंगमंचावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला सांगितले, आणि कागद पालथे घालून आम्ही समोर बसलो. मुले हसली, संकोचली. काहींना हा निव्वळ वेळेचा अपव्यय वाटला. आम्हांलाही प्रारंभी काय पाहायचे ते नीट कळेना. वीस-बावीस वर्षे शिकवून झाल्यावर पाहायला शिकणे काहीसे लाजिरवाणे आहे खरे.