निवेदकाची अतिशयोक्ती आणि खेळणाऱ्याचा हात

भूमिकाप्रधान व्हिडिओ गेमचा उत्तरभाग लढाईची पद्धत बदलतो, तेव्हा त्या बदलाची चर्चा बहुधा कौशल्याच्या परिभाषेत होते. खेळ सोपा झाला की अवघड, एवढेच विचारले जाते. बदललेल्या लढाईने कथेचा अर्थ बदलला काय, हा प्रश्न मागे राहतो. कॅनडातील बायोवेअर या संस्थेचे ‘ड्रॅगन एज : ऑरिजिन्स’ (२००९) आणि ‘ड्रॅगन एज २’ (२०११) हे दोन खेळ या दृष्टीने शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत.

पहिल्या खेळात लढाई ही प्राधान्याने विचाराची क्रिया होती. खेळणारा काळ थांबवी, चौघांच्या तुकडीतील प्रत्येकाला स्वतंत्र आज्ञा देई, आणि संगणकावरील आवृत्तीत कॅमेरा उंच नेऊन रणभूमी एखाद्या पटासारखी न्याहाळी. पात्रे जड पावलांनी शत्रूपर्यंत जात, पवित्रा घेत आणि मगच वार करीत. या संथपणाला कथेतही प्रतिसाद होता. नायकाची सहा पूर्ववृत्ते उपलब्ध होती. फेरेल्डेनच्या सिंहासनावर कोणी बसावे, हेही पुष्कळ अंशी खेळणाऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असे. योजना आखावी आणि तिचे फळ मिळावे, हा लढाई व कथा या दोहोंचा समान न्याय होता.

सोळा महिन्यांनी आलेल्या उत्तरभागाने हा न्याय मोडला. काळ थांबवण्याची सोय राहिली, पण उंचावरचा कॅमेरा गेला. आज्ञा मिळताच पात्र झेप घेऊन शत्रूला भिडू लागले. शत्रूही एकदम समोर न येता लाटांनी येऊ लागले. पहिली फळी पडते न पडते तोच दुसरी छपरांवरून उतरते आणि आधी रचलेला व्यूह निरर्थक ठरतो. नायक हॉक हा आता मानवच असतो. त्याला आवाज लाभला, परंतु पूर्वी त्याचे वाक्य संपूर्ण वाचून निवडता येत असे, तेथे संवादचक्रावरील त्रोटक सूचन आणि स्वर दर्शवणारे चिन्ह आले. आपला नायक नेमके काय बोलणार, हे तो बोलल्यावरच कळते.

या बदलांना ‘ऱ्हास’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मात्र या खेळाला एक निवेदक आहे, हे त्यात विसरले जाते. हॉकची सारी कहाणी व्हॅरिक हा त्याचा सोबती, चौकशीला बसलेल्या कॅसान्ड्राला सांगतो आहे. आरंभीच्या लढाईत हॉक अफाट सामर्थ्याने शत्रूंच्या झुंडी उडवतो. तोच कॅसान्ड्रा व्हॅरिकला खोटे सांगतोस म्हणून अडवते आणि लढाई पुन्हा, उतरलेल्या सामर्थ्यानिशी, सुरू होते. अतिशयोक्ती पकडली जाते, पण पूर्णपणे मागे घेतली जात नाही. सामर्थ्य कमी झाले तरी वेग तोच राहतो. पुढची प्रत्येक चकमक म्हणूनच संशयाच्या छायेत घडते: ही हॉकची लढाई की व्हॅरिकची?

कथा मात्र या चपळ हाताला वारंवार रिता ठेवते. हॉक जादूगार असेल तर बहीण बेथनी मरते, योद्धा वा छुपा हल्लेखोर असेल तर भाऊ कार्व्हर. लढण्याची शैली निवडताना खेळणाऱ्याने नकळत भावंडांपैकी एकाचा मृत्यू निवडलेला असतो. दुसऱ्या अंकात संशयिताला धरले वा सोडले, तरी आई लिआंड्रा वाचत नाही. अँडर्सने घडवलेला स्फोट रोखता येत नाही, आणि अखेरीस कोणताही पक्ष घेतला तरी मेरेडिथ व ओर्सिनो या दोघांशीही लढावेच लागते. दूरदृष्टीला लढाईत जागा नाही, तशी ती कथेतही नाही. फरक इतकाच की लढाईत अनपेक्षित लाटेची किंमत थोडी अधिक झटापट असते. कथेत ती घरातील माणसांच्या रूपाने मोजावी लागते. प्रत्येक आज्ञेला तत्काळ फळ देणारा हात आणि एकाही मोठ्या कृतीला इच्छित फळ न देणारी कथा यांच्या ताणातून या खेळाची शोकात्मता उभी राहते.

तथापि या वाचनात एक धोका आहे. असे वाचू लागले की कोणताही दोष अर्थपूर्ण ठरवता येतो. या खेळात त्याच गुहा, तीच गोदामे निरनिराळी स्थळे म्हणून पुनःपुन्हा समोर येतात. व्हॅरिकला स्थळांचे वर्णन जमत नसे, असा खुलासा कोणी करील तर तो चातुर्याचा ठरेल, समीक्षेचा नव्हे. अतिशयोक्तीला कॅसान्ड्राची साक्ष आहे; लाटांना कथेच्या रचनेची साक्ष आहे. पुन्हा वापरलेल्या गुहेविषयी संहितेत कोणीच बोलत नाही. ती घाईची खूणच राहते. दोष आणि आशय यांतील सीमा निर्मात्याच्या हेतूने नव्हे, तर संहितेच्या अशा अंतर्गत साक्षीने ठरवावी लागते.

‘ड्रॅगन एज : इन्क्विझिशन’मध्ये (२०१४) उंचावरचा कॅमेरा परत आला, मानवेतर नायकही आले. ही दुरुस्ती अनेकांना दिलासा देणारी होती. पण पट पुन्हा वरून दिसू लागला, तेव्हा आपल्या हाताच्या आवाक्याविषयीचा तो संशयही मावळला. आणि घाईत घडलेल्या त्या मधल्या खेळाने खेळणाऱ्याला दिलेले सर्वांत मोलाचे असे काही असेल, तर ते तोच संशय होता.