भात झोडून झाल्यावर

आमच्या घरात मागच्या पिढीनं एकाच कचेरीत जन्म काढला आणि शाल-नारळ घेऊन घरी आली. आताची मुलं दर दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलतात, गावंही बदलतात. सणाला सगळे जमले की वाद रंगतो, चिकटून राहावं की निघावं? डहाणूहून चारोटीच्या रस्त्यानं गंजाड, रानशेतकडे आलं की मला हा वाद फार तोकडा वाटू लागतो.

या पट्ट्यात भात झोडून झालं की पाडे रिकामे व्हायला लागतात. नवरा-बायकोची जोडी, कडेवरचं मूल, भांड्यांचं बोचकं, एखादी कोंबडी, सगळं टेम्पोत चढतं आणि भिवंडी-वसईकडच्या वीटभट्टीवर उतरतं. कुठं निघालात विचारलं तर ‘जगायला’ म्हणतात. सणासाठी शेठकडून उचल आधीच घेतलेली असते. भट्टीवर आठवड्याची खर्ची मिळते आणि हजार विटांमागच्या दरानं खरा हिशेब होतो तो मृगाच्या तोंडावर. उचल फिटली नाही, तर पुढचं सालही त्याच भट्टीचं. वर्षानुवर्षं एकाच मालकाकडे राबूनही ना फंड, ना रजा. ही नोकरी कायमची म्हणावी की दर सालची नवी?

आणि या हातांना काय काय येतं! राब भाजणं, चिखलणी, आवणी, कारवीचा कूड उभारणं, माती मळून साच्यात थापणं, भट्टी रचणं. एवढं येणाऱ्या माणसाला आपण अकुशल मजूर म्हणून नोंदवतो, याची मला मनापासून चीड येते.

बाहेरून येऊन इथं रुजलेली माणसंही या तालुक्यानं पाहिली. पुण्याच्या हुजूरपागेत शिकवणाऱ्या अनुताई वाघ 1945 मध्ये ताराबाई मोडकांबरोबर बालशिक्षणाचं काम करायला बोर्डीला आल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, आणि 1992 मध्ये वारल्या तोवर त्यांनी हे काम सोडलं नाही. मुलं गुरांमागे रानात जातात, तर शाळाच कुरणात न्यायची, हे तिथंच घडलं. अनुताईंनी पुणं सोडलं ते स्वतः ठरवून. टेम्पोत चढणाऱ्या जोडीला ठरवायला कुणी वेळच दिलेला नसतो.

गावातच थांबता यावं असा एक आधार जवळ आहे, सूर्या नदीवरचं धामणीचं धरण. कालव्याचं पाणी जिथं शेतात पोचतं, तिथं पावसाळ्यानंतरही हाताला काम राहतं. पण याच धरणाचं पाणी वसई-विरारच्या नळांनाही जातं, आणि त्या शहरांच्या भिंतींसाठी विटा थापायला इथली माणसं जातात.

रानशेतच्या पोरापोरींनी गाव सोडू नये, असं मी मुळीच म्हणणार नाही. त्यांनी पुण्याला जावं, परदेशी जावं, चार नोकऱ्या बदलाव्यात. फक्त निघताना डोक्यावर उचल नसावी. आणि ज्याला राहायचं असेल, त्याच्या शेतात माघातही मोगरा उभा राहील एवढं पाणी कालव्यानं आधी इथं द्यावं, मग पुढं न्यावं.