पाच सुतांचा हिशोब

प्रिय चिऊ,



तुझ्या कुर्त्याचे दोन्ही फोटो पाहिले, सुलट बाजूचा आणि उलट बाजूचा. सुलट बाजू छानच आहे. गळा नीट बसलाय, बाह्या सारख्या आल्यात. उलट बाजूला मात्र बगलेपासून घेरापर्यंत सुतं लोंबतायत. एका धुण्यात हे झालं, तर पुढे काय होणार, अशी तुला काळजी. आणि दुकानातल्या मलमलीच्या महागड्या कुर्त्यात कापडाची कड कुठेच दिसत नाही, ती जाते कुठे, असं कुतूहल. हल्ली हौसेने मशीन घेतलेली बरीच मुलं-मुली मला हेच विचारतात, म्हणून हे उत्तर चारचौघांत देतेय. तुझी हरकत नसावी.

आधी सुतं का निघतात ते बघ. मागावर उभे आणि आडवे धागे एकमेकांना अडवून धरतात. काठाशी आडवा धागा वळून परत आत येतो, म्हणून काठ कधी उसवत नाही. तू कात्री लावलीस की कडेच्या धाग्याला पलीकडून धरणारं कोणी उरत नाही, आणि प्रत्येक धुण्यात तो थोडा थोडा निसटतो. पॉपलिनची वीण घट्ट, त्यामुळे ते जरा दम धरतं. मलमलीची वीण विरळ, जॉर्जेटचे धागे गुळगुळीत, म्हणून ती दोन्ही लगेच सुटतात. उरेब, म्हणजे तिरकी कापलेली कड सगळ्यांत कमी सुटते, पण अख्खा कुर्ता काही उरेब कापता येत नाही.

तेव्हा कापलेल्या कडेचं काहीतरी करावंच लागतं. बाजारातल्या बहुतेक तयार कपड्यांत ते काम ओव्हरलॉक मशीन करतं. आपल्याकडचे शिंपी त्यालाच सर्रास इंटरलॉक म्हणतात. पिको-फॉलच्या दुकानात बघितलं असशील: एकाच वेळी शिवणारं, जास्तीचं कापड कापणारं आणि कडेवर दोऱ्याचं जाळं विणणारं. कारखान्यातलं असं मशीन मिनिटाला पाच हजारांहून जास्त टाके घालतं. त्या वेगापुढे दुसरं काही परवडत नाही, म्हणून तुझ्या टी-शर्टाच्या आत ते जाळं दिसतं. त्यात वाईट काही नाही. पण पातळ कापडात ते आरपार दिसतं आणि नाजूक कातडीला टोचतं.

दुसरा उपाय जुना आहे आणि त्याला फक्त साधं मशीन, इस्त्री आणि सबुरी लागते. कड शिवणीच्या आतच बंद करून टाकायची. हीच फ्रेंच शिवण. दुकानातल्या त्या कुर्त्यात कड गायब झाली ती इथे.

हिशोब सुतांत सांगते, कारण शिंप्याकडचा टेप सुतांतच बोलतो: आठ सूत म्हणजे एक इंच. शिवणीसाठी पाच सूत माया सोडून कापड काप. आता जे करायचं ते तुझ्या हाताला उलटं वाटेल. नेहमी आपण सुलट बाजू समोरासमोर ठेवून शिवतो. इथे उलट बाजू समोरासमोर ठेवायच्या, म्हणजे कच्ची कड बाहेर, सगळ्यांच्या नजरेसमोर येईल. त्या कडेपासून तीन सुतांवर पहिली टीप घाल. मग टिपेच्या बाहेरचं कापड कापून जेमतेम एक सूत ठेव. शिवणीवर इस्त्री फिरव, कापड उलटव, आता सुलट बाजू समोरासमोर आण, आणि पहिली टीप अगदी घडीच्या टोकावर येईल अशी बोटांनी सरकवून पुन्हा इस्त्री कर. मग घडीपासून दोन सुतांवर दुसरी टीप. तीन आणि दोन, पाच. माया पुरेपूर वापरली गेली आणि मापात फरक पडला नाही. कड दोन टिपांच्या मधे कायमची कोंडली गेली.

आता नवशिक्याचं काम कुठे बिघडतं ते सांगते. दुसरी टीप घालून कापड सुलट केलं की कधी कधी शिवणीतून मिशा डोकावतात, बारीक बारीक सुतं. असं झालं की लोक मशीनला दोष देतात. दोष कात्रीचा असतो. आत एक सूत ठेवायचं होतं तिथे कुठे दोन राहिली, आणि दुसरी टीप दोन सुतांवरच गेली, म्हणून कड टिपेखाली सापडली. छाटताना लांब पात्याची धारदार कात्री घे, लहान कात्रीने तुकड्या-तुकड्याने छाटू नकोस, आणि छाटून झाल्यावर सुटे धागे हाताने झाडून टाक. घाई वाटली तर छाटणं पुढे ढकलू नकोस. त्या दिवशी शिवणं पुढे ढकल.

इस्त्रीचंही तसंच. या शिवणीत दोन टिपांच्या मधे दोनदा इस्त्री आहे आणि ती गाळता येत नाही. पहिली टीप घडीच्या टोकावर आली नाही, आतच दडून राहिली, तर बाहेरून शिवणीच्या जागी बारीक चुणी पडते आणि कपडा त्या बाजूला आखूड झाल्यासारखा दिसतो. इस्त्री ओढू नकोस, उचलून ठेव. ओढलीस की मलमल ताणली जाते. कापड कापण्याआधी भिजवून वाळवलेलं असावं हे तुझ्या आजीने लहानपणीच सांगितलं असेल. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं, आणि दुहेरी टिपेत बांधलेलं आटलं की शिवण सुरकुतते.

एवढा वेळ घालवायचा तर मशीनने वाचवलं काय, असं तुला वाटेल. 1924 साली रामचंद्रन नावाच्या विद्यार्थ्याने गांधीजींना विचारलं होतं, तुम्ही सगळ्याच यंत्रांच्या विरोधात आहात का? तेव्हा त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद ठरवलं. बायको हाताने शिवत बसते ते बघवेना, तिचे कष्ट वाचावेत म्हणून सिंगरने यंत्र केलं, असं त्यांचं म्हणणं. इतिहास थोडा वेगळा आहे. दोन दोऱ्यांच्या टाक्याचं पेटंट एलियास हाव यांनी 1846 मध्येच घेतलं होतं, सिंगरचं 1851 चं. पण यंत्राने बाईचे तास वाचवले हे खरंच. वाचलेल्या तासांत कारखाना आणखी कपडे शिवतो. तुला कोणी डझनावारी माल मागितलेला नाही. तू त्यातली दहा मिनिटं दुसऱ्या टिपेला देऊ शकतेस, एवढीच घरच्या शिवणाची श्रीमंती.

हे सगळं वाचून तू आता प्रत्येक कपड्याला फ्रेंच शिवण घालायला बसशील, म्हणून इथे थांबवते. मला खरं सांगायचंय ते पुढे आहे.

बंद शिवणीत कापडाचे चार थर एकावर एक येतात. मलमल, व्हॉइल, रुबिया असेल तर ते कळतही नाहीत. जाड खादीत किंवा डेनिममध्ये तीच शिवण नाडीसारखी फुगते. गोल गळ्याला ती बसत नाही, कारण वळणावर कापडाला कातरे द्यावे लागतात आणि बंद कडेला कातरा देता येत नाही. तिथे उरेब पट्टीच लावावी. मुंढ्याला जमते, पण आधी सरळ शिवणींवर हात बसू दे.

या झाल्या कापडाच्या अडचणी. याहून मोठी अडचण अंगाची आहे. तुझ्या आईचा एखादा जुना ब्लाउज काढ आणि उलटा कर. बगलेखाली इंच-दीड इंच माया दिसेल आणि शेजारी शेजारी दोन-तीन टिपा. अंग भरलं की आतली टीप उसवायची, बाहेरची तशीच ठेवायची. उतरलं तर पुन्हा आत टीप घालायची. लग्नातला ब्लाउज बारशाला आणि बारशातला मुंजीला चालायचा तो या मायेच्या जोरावर. परकर शिवताना घेराच्या वर टक घालायची पद्धत यातलीच. मुलगी उंच झाली की टक उसवून परकर खाली सोडायचा. आपल्या बायकांनी शिवणीच्या आत ऐसपैस जागा ठेवली ती त्यांना नीटनेटकं शिवता येत नव्हतं म्हणून नाही. कापड महाग होतं आणि अंग बदलतं, हे त्यांना माहीत होतं.

फ्रेंच शिवण याच्या नेमकी विरुद्ध आहे. तिच्या आत एक सूत कापड उरतं, बाकीचं तू स्वतः कापून टाकलेलं असतं. पहिल्या टिपेनंतर कात्री चालवतेस त्या क्षणी हा कपडा यापुढे सैल होणार नाही, असं ठरवून टाकतेस. ती सुंदर आहे, आणि ती शेवटचा निर्णय आहे. म्हणून शिवण निवडताना कोणती जास्त सफाईदार, हे विचारू नकोस. हा कपडा कोण घालणार, किती वर्षं घालणार आणि तोवर ते अंग किती बदलणार, हे विचार. कड कशी बंद करायची हे हात महिन्याभरात शिकतो. कुठे बंद करायची आणि कुठे मोकळी ठेवायची, हे मात्र दर कपड्याला नव्याने ठरवावं लागतं.

जीन्सचं उदाहरण घे. पँटचे खिसे फाटतात म्हणून जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याने तांब्याच्या रिव्हेट लावायची युक्ती काढली, आणि लेव्ही स्ट्रॉस यांच्या बरोबरीने 1873 मध्ये तिचं पेटंट घेतलं. रिव्हेट प्रसिद्ध झाल्या. पायाच्या आतल्या बाजूची शिवण मात्र कोणी बघत नाही. ती चपटी शिवण, कारागिरांच्या भाषेत रन-अँड-फेल. एका बाजूची माया अर्धी छाटायची, दुसरी तिच्यावर दुमडून कपड्याला सपाट लावायची आणि कडेने दुसरी टीप मारायची. कड बंद होते, पण उभी राहत नाही, आणि ओढ दोन टिपांवर वाटली जाते. फ्रेंच शिवण डेनिममध्ये जिथे हरते तिथे ही जिंकते. आता बहुतेक जीन्सची बाहेरची, कमरेपासून घोट्यापर्यंतची शिवण उलटून बघ: ती साधी, ओव्हरलॉक केलेली असेल. एका पायाच्या दोन्ही शिवणी चपट्या करायच्या तर शेवटची टीप त्या अरुंद नळीच्या आत शिरून घालावी लागते. कारखान्यातसुद्धा कुठे दुहेरी मेहनत घ्यायची आणि कुठे नाही हे ठरवलेलंच असतं. घरी शर्टाला चपटी शिवण घालशील तेव्हा खांद्यापासून सुरुवात कर. तिथे कापड सपाट पसरता येतं.

आणि ज्या कपड्याला माया हवी, त्याची कड उघडी टाकावी असं नाही. मायेच्या दोन्ही कडा वेगवेगळ्या, एक सूतभर आत दुमडून, त्यांच्यावर फक्त त्या मायेतून टीप घाल. ओव्हरलॉक गल्लोगल्ली आलं नव्हतं तेव्हा घरोघरी हेच करायचे. जाड कापड असेल तर दुमडण्याऐवजी कडेला पातळ उरेब पट्टी लाव. सुतं निघत नाहीत आणि दीड इंच जागाही राहते. फोटोत ही शिवण फ्रेंच शिवणीइतकी देखणी दिसणार नाही, पण तीन वर्षांनी तोच ब्लाउज घालता येईल.

आता तुझ्या कामाचं. मैत्रिणीच्या बाळासाठी झबलं शिवायचंय म्हणालीस, त्याच्यापासून सुरुवात कर. धुऊन मऊ झालेली मलमल, सरळ शिवणी, लहान अंतर. बाळाच्या कातडीला कड लागता कामा नये, आणि ते काही महिन्यांतच झबल्यातून बाहेर पडणार, त्यामुळे माया राखायचा प्रश्नच नाही. फ्रेंच शिवणीला याहून योग्य कपडा नाही. बटणं लावू नकोस, बंद लाव. त्यानंतर उरलेल्या मलमलीचा ओढणीवजा स्टोल शिव, मग उशीचे अभ्रे. मुंढ्याच्या वळणाला हात घालायची वेळ त्यानंतरची.

सध्याचा कुर्ता उसवू नकोस. सुटी सुतं छाट, आणि जेवढी माया शिल्लक आहे तिच्या कडा मी वर सांगितल्या तशा दुमडून घे. तो तुझ्या मापाचा पहिला कुर्ता आहे. पुढच्या दोन वर्षांत कुठे घट्ट होतो, कुठे सैल, हे तो तुला सांगेल, आणि त्यासाठी त्याच्या शिवणीत जागा असलेली बरी. पुढचा कुर्ता बंद शिवणीने शिव, पण बगलेखालची बाजू आधी नुसती कच्च्या टाक्याने जोडून, घालून, बसून, हात वर करून बघ. मापाची खात्री पटली की मगच कात्री उचल.

ब्लाउजचं कापड घेशील तेव्हा मीटरभर घे, ऐंशी सेंटिमीटरवर भागवू नकोस. दुकानदार पुरेल म्हणेल. त्याला माया ठेवायची नसते.

तुझी,
मावशी

ता. क. मलमलीला 14 नंबरची सुई वापरत असशील तर आजच बदल. 11 नंबरची घे, जमलं तर 9. टाका लहान ठेव, इंचाला बारा-तेरा. दोन तुकड्यांवर शिवण घालून पाठव. कुरियरने पाठव, फोटो नको. मला ती बोटांखालून घालून बघायचीय.