हेब्बाळची न्याहारी

प्रवासात पोट जपावे म्हणून घरून गुळाच्या दशम्या बांधून घेतल्या होत्या. बंगळूरच्या उत्तरेस हेब्बाळच्या तलावाकाठी फिरून परतताना एका गाडीवर वाफ दिसली आणि मोह झाला. ‘खारा भात’ मागितला, तो पुढे आला उपमा! कानडीत ‘खारा’ म्हणजे तिखट. ‘केसरी भात’ म्हणजे आपला शिरा. दोन्ही एकत्र घेतले की ‘चौ चौ भात’. वांगीभात मात्र इकडेही वांगीभातच. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. शब्दांची ही देवघेव जुनीच असावी.

गाडीवाल्याने न मागता पुन्हा चटणी वाढली. संकोचून मी दशमी पुढे केली. चाखताच तो हसून म्हणाला, “बेल्ला!” गूळ त्याने अचूक ओळखला होता. आणखी एक कानडी शब्द गाठीला बांधून मी निघालो.